आईंचं मौन आणि माझी पंचाईत

"मला हरिहरेश्वरला जाऊन दोन दिवस मौन धरायचंय," असं सासूबाईंनी जाहीर केलं, आणि आमच्या घरात त्या क्षणापासूनच मौन पसरलं. आई रोज पहाटे ध्यानाला बसतात हे खरं. पण उठल्यावर तेवढ्या वेळाची भरपाई नाश्त्यापर्यंत करून टाकतात. माझ्या नवऱ्याला, प्रसादला, नेमकं तेव्हाच ऑफिसचं काम आठवलं आणि गाडीची चावी माझ्या हातात आली.

ठाण्याहून आम्ही पेण, माणगाव, म्हसळा असा रस्ता धरला. माणगावपर्यंत हाडं खिळखिळी होतात. म्हसळ्यापुढे झाडी छान, पण वळणं भरपूर, तेव्हा गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं. समुद्र दिसेपर्यंत मौन लागू नव्हतं, म्हणून आईंनी सगळा साठा वाटेत संपवला. माझं ड्रायव्हिंग झालं, प्रसादची ढेरी झाली, माणगावचा वडापाव झाला. श्रीवर्धनला समुद्र दिसला तशा म्हणाल्या, "काही विचारायचं असेल तर आत्ता विचारून घे."

"जेवायला काय सांगू?"

"हेच सुचणार तुला!"

आणि तोंड बंद.

आम्ही देवळाजवळ सुमनताईंकडे उतरलो. खोली घरगुती, जेवण त्यांच्याच हातचं, आणि शनिवार-रविवार टाळलात तर भावही बरा. मौनातली सासू म्हणजे काय सुख असतं, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं. मी एसी लावला. आईंची भुवई वर गेली. "आवडला ना? आणखी गार करते," मी म्हटलं. वालाचं बिरडं मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा दोन्ही भुवया वर गेल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच सगळे वाद जिंकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनताई आईंपाशी पडवीत येऊन बसल्या आणि सुनेपासून गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून डोळे पुसत उठल्या. मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंसारखं समजुतीनं बोलणारं मानूस मी बघितलं न्हाय." आई एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

मी हसले खरी, पण संध्याकाळी माझंही तेच झालं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असं दर्शन घेऊन आम्ही प्रदक्षिणेला उतरलो. ही वाट खडकांवरून, समुद्राला लागून जाते. ओहोटी कधी आहे ते देवळात विचारल्याशिवाय उतरू नका, भरतीच्या लाटा माणसं ओढून नेतात. लाटांनी कोरलेल्या कातळापाशी आई डोळे मिटून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, "आई, प्रसाद आणि मी खारघरला फ्लॅट बघितलाय. वेगळं राहायचं म्हणतोय. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

आईंनी डोळे उघडले. समुद्राकडे बघितलं. मग पदर झटकून उठल्या आणि चालू लागल्या.

भुवईसुद्धा हलली नाही हो! जेवताना नाही, झोपताना नाही. मी एसी बंद केला, पाय चेपू का विचारलं, बिरडं एकदाच घेतलं. एरवी त्यांनी गप्प बसावं म्हणून मी देवाला साकडं घालायची. आता एका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता.

सकाळी दर्शन घेऊन मौन सुटलं. पहिलं वाक्य गुरुजींना मिळालं, हारातली फुलं शिळी आहेत म्हणून. दुसरं सुमनताईंना, घावन्यांत मीठ कमी आहे म्हणून. मला काहीच नाही.

परतताना दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट घेतली. गाडीसकट पलीकडे मुरूडच्या बाजूला जाता येतं, आणि मधे हवा मस्त लागते. बोट सुटल्यावर मला राहवेना.

"आई, मी काल एक बोलले होते..."

"ऐकलं की. मौनात होते, बहिरी नव्हते."

"मग?"

"मग घ्या फ्लॅट. वर्षभर मी वाट बघतेय तुम्ही कधी विषय काढताय त्याची. मी काढला असता, तर सासूनं घराबाहेर काढलं म्हणून गावभर झालं असतं. अगं, पहाटे ध्यानाला बसावं, तर तुझा मिक्सर सुरू!"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण कुठेतरी टोचलंच. काशीदला शहाळं पिताना मी विचारलं, "तुम्हाला आमची आठवण नाही येणार?"

"येईल ना," त्या म्हणाल्या आणि मलई खरवडून माझ्या हातावर ठेवली. पुढे अलिबागपर्यंत दोघीही बोललो नाही. या वेळी कुणी मौन धरलं नव्हतं.

आता आम्ही खारघरला राहतो. सकाळी इथे पानही हलत नाही. मीही डोळे मिटून बसून बघते. पाच मिनिटांत ती शांतता मला सोसवेनाशी होते, आणि मी आईंना फोन लावते.

त्या उचलत नाहीत. ध्यानाला बसलेल्या असतात.