आधी रडून घ्या

ढाणकीच्या रस्त्यावर डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथे डॉक्टर आले आणि गेले, पण वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर विमलताई जागच्या हलल्या नाहीत. मूळच्या त्या नेरकडच्या, कापूस-तुरीच्या घरातल्या. आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा बैल मान वर करील. तोच आवाज त्यांनी वॉर्डात आणला होता, आणि ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या त्याला सासूसारख्या भ्यायच्या. पण रात्री कुणाला उठवत नसेल तर हात धरून संडासापर्यंत नेणार त्याच, आणि वाटेत रागावणारही त्याच.

त्यांचे नियम सगळ्यांना पाठ होते. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, चोळायचं तर नाहीच नाही. आणि शेवटचा नियम त्या बोट उगारून सांगत, "महिनाभर रडायचं नाही. कोनी मेलं तरी नाही!"

हा नियम त्यांना स्वतःला काही जड नव्हता. त्यांच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं घर रडलं, पण नवरी कोरडीच. आत्या म्हणाली होती, "पोरगी हाये का पाटा?" ते बोलणं विमलताईंच्या मनात घर करून राहिलं होतं. रडावंसं वाटत नव्हतं असं नाही, पण ऐन वेळी त्यांना रागच यायचा. त्याला कोण काय करणार?

तर अशा विमलताईंच्या वॉर्डात एक दिवस लालीबाई आली. जवळच्या तांड्यावरची, बंजारा, आरशांच्या टिकल्या लावलेली काचळी घातलेली, हातात कोपरापासून खांद्यापर्यंत चुडा. बरोबर नवरा धावजी आणि नातसून अंजू. लालीबाईचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकून बसला होता. आणखी थांबलं तर तोही हातचा जाणार, असं प्रफुल्ल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. विमलताईंनी खाटेशी उभं राहून नियम सांगितले. लालीबाईने मुकाट्याने ऐकलं, शेवटच्या नियमाला तेवढी चमकून अंजूकडे पाहिलं.

सकाळी खाट रिकामी! गाठोडंही नाही आणि बाईही नाही.

"पयाली!" विमलताई कडाडल्या. "ह्या तांड्यावरच्या बाया अशाच. येतात, आयकतात आन् पयतात. सुईले भेतात काय?"

राग निघाला, पण तो एकच उरलेला डोळा काही त्यांच्या डोक्यातून निघेना. आपल्या हातून निसटलेला रोगी म्हणजे त्यांना दावं तोडून पळालेल्या गुरासारखा वाटायचा, परत आणून बांधल्याशिवाय चैन नाही. रविवारी सुट्टी होती. घरी भाजी निवडायची सोडून त्या ऑटोत बसल्या आणि थेट तांड्यावर गेल्या.

ऑटोतून उतरतात तोच त्यांच्या कानावर आक्रोश आला. एक नव्हे, दोन-तीन बायकांचा, सुरात, लांबवत चाललेला. लालीबाई गेली! आणि आपण वॉर्डात उभं राहून तिला शिव्या घालत होतो. त्या डोक्यावर पदर ओढून धावतच दारापाशी पोहोचल्या.

ओट्यावर धावजी निवांत बसला होता.

"राम राम, ताई. बसा," तो म्हणाला. "त्यायचं होतेच आता. अंजू, च्या मांड व."

विमलताई पाहतच राहिल्या. आत लालीबाई आणि दुसरी एक म्हातारी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून गात-रडत होत्या. मग एकाएकी दोघी थांबल्या, ओढणीने डोळे खसाखसा पुसले, आणि दुसऱ्याच क्षणी हसत हसत गप्पा मारू लागल्या. विमलताईंना वाटलं, आपल्यालाच कुणीतरी डोळे तपासायला न्यायला पाहिजे.

अंजूने चहा दिला आणि समजावलं. "ते मेल्याचं रडनं नाही, ताई. रुपीबाई हाये, लालीआजीची बहीण. आदिलाबादकडून आली, गंज वर्सानं. आमच्यात बाया भेटल्या की असंच रडतात. रडता रडता सारं सांगतात, मागच्या भेटीपासून कोन गेलं, कोनाचं लगन झालं, कशी याद आली ते."

"आन् नाही रडलं तर?"

"तर पावनी समजते का आपन नको होतो. कोरडं भेटनं म्हनजे भांडनच."

आता विमलताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ऑपरेशन झालं की बहिणी, मेहुण्या, भाच्या लालीबाईला बघायला येणार. तांडाच्या तांडा लोटणार. आणि प्रत्येकीला लालीबाईने कोरडं भेटायचं? त्यापेक्षा डोळा गेलेला बरा, असं ठरवून ती पहाटे गाठोडं उचलून चालती झाली होती. याआधी पळालेल्या सगळ्याजणीही सुईला भ्यायल्या नव्हत्या. आणि आपण इतकी वर्षं या भागात राहून एकीलाही "काहून" म्हणून विचारलं नाही, हे ध्यानात येताच विमलताईंना स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली की त्या भांडायला लागत.

"मंग मनातल्या मनात रडा ना!" त्या लालीबाईवर ओरडल्या.

अंजूने ते त्यांच्या बंजारा भाषेत, गोरबोलीत सांगितलं तशी दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. रुपीबाई काहीतरी म्हणाली. अंजू म्हणाली, "ते म्हंते, मनातल्या मनात जेवता येते का?"

बिनतोड होतं. विमलताईंनी उरलेला चहा संपवला. मग कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "नंतर नाही ना जमत? मंग आधी रडून घ्या. साऱ्या बाया दवाखान्यात बोलवा. ऑपरेशनच्या आधी भेटा, रडा, पोटभर रडा. मी एका शब्दानं बोलनार नाही. पन पट्टी लागली का बंद."

लालीबाई विचारात पडली. भेटीआधी भेटीचं रडणं? असं कुठे असतं का? ती नकार द्यायच्या बेतात होती. तेवढ्यात ओट्यावरून धावजी बोलला.

"नवरी नाही का लगनाच्या आधीपासूनच रडत? महिनाभर आधी रडनं शिकवता तिले. मंग तुले आता काय झालं?"

बंजाऱ्यांत नवरीला खरोखरच ते रडगाणं शिकवलं जातं, घर सुटण्याच्या कितीतरी आधी. तांड्याला ते पटलं. लालीबाई लाजून हसली, आपल्याच लग्नाची गोष्ट निघाल्यासारखी.

त्या आठवड्यात दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बायका जमल्या. काळीपिवळी जीपगाड्या भरभरून आल्या होत्या. आरशांनी आवार नुसतं लखलखत होतं. एकेक बाई पुढे होई, लालीबाईच्या गळ्यात पडे, आणि जो सूर लागे तो थेट बाजारापर्यंत जाई. समोरच्या चहावाल्याने आदराने स्टोव्ह बंद केला. रस्त्यावरचे लोक डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. प्रफुल्ल डॉक्टर ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे घालूनच धावत बाहेर आले. "काय झालं? कोण गेलं?"

"कोनी नाही गेलं!" विमलताईंनी फाटकात उभं राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं. "उद्या ऑपरेशन हाये! च्या चालू ठेवा!"

दुपारपर्यंत सगळ्याजणी रडून मोकळ्या झाल्या, भाकरीची फडकी सोडून जेवल्या आणि घरी गेल्या. रुपीबाई तेवढी सोबतीला राहिली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पुढचे दिवस जी बाई भेटायला येई तिला रुपीबाई दारातच अडवी. "झालं तुझं निंबाखाली," असं बजावूनच आत सोडी. विमलताईंना वॉर्डात आयती मदतनीस मिळाली, आणि तीही त्यांच्याहून कडक.

पट्टी निघाली. लालीबाईला पहिल्यांदा खिडकीचे गज दिसले, मग धावजीच्या मिशा. "पिकल्या," ती म्हणाली, आणि सगळा वॉर्ड हसला.

तेव्हापासून तांड्यावरच्या बायका पळाल्या नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निंबाखाली सतरंजी अंथरायची, हा दवाखान्याचा रिवाजच झाला. अंजूला दवाखान्यात ठेवून घेतलं. नियम ती गोरबोलीत सांगते, आणि सांगण्याआधी "तुमच्याकडे कसं असते?" असं विचारते. हे विचारायचं विमलताईंनी तिला शिकवलं. स्वतः त्या हे उशिरा शिकल्या होत्या.

पुढच्या वर्षी विमलताई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. प्रफुल्ल डॉक्टर बोलताना गहिवरले. विमलताई मात्र मांडवाचा कपडा नीट ताणला नाही म्हणून कुरकुरत होत्या. छातीत काहीतरी दाटून आलं होतं, आणि नेहमीप्रमाणे त्याचा राग होऊन बाहेर पडत होता. उद्या नेरला जायचं. पुन्हा एक घर सुटायचं होतं, आणि पुन्हा त्या पाट्यासारख्याच बसल्या होत्या.

फाटकात काळीपिवळी थांबली. लालीबाई उतरली, चष्मा घातलेली. खुर्च्यांच्या रांगांमधून ती सरळ पुढे आली. विमलताईंचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळला. मग गळ्यात पडली आणि तिने सूर लावला.

अंजू विमलताईंच्या कानाशी लागून सांगू लागली. "ते म्हंते, माही बहीण नेरची. भर उन्हात माह्या दारी आली. रागानं आली, च्या पिऊन गेली. मले मानसाचे चेहरे देऊन गेली. आता मी कोनाच्या शिव्या आयकू?"

हे गाणं सिस्टरसाठी नव्हतं, डॉक्टरसाठीही नव्हतं. ते फक्त आपल्या माणसासाठी असतं, हे विमलताईंना आता पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला. जमला नाही. त्यांनी लालीबाईच्या आरशांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि नेरच्या पाठवणीपासूनचं सगळं रडून घेतलं, बेसूर, मोठ्या आवाजात, पार बाजारापर्यंत ऐकू जाईल असं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळ्यांकडे हात नेला. लालीबाईने तो मनगटाशी पकडला आणि दुसऱ्या हाताचं बोट उगारलं.

"ताई," ती म्हणाली, "चोयायचं नाही."