लाल मातीवर लावलेली रजा

"माती म्हणजे माती, इलायस, ती इटलीत जाऊन काय वेगळी होणार?" फिलिप एकदा म्हणाला होता, आणि मेसमध्ये बसलेल्या कोणालाच त्याच्याशी वाद घालावासा वाटला नव्हता.

टेनिसच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालणार तरी कोण? वसईचा हा माणूस बहरीनला येण्याआधी मुंबईच्या एका जिमखान्यात कोर्टं राखायचा. लाल माती चाळायची, शेण कालवून सारवायची, पाणी मारून रूळ फिरवायचा, वाळली की चुन्याच्या रेघा ओढायच्या. उन्हाळ्यात ते कोर्ट दगडासारखं व्हायचं. चेंडू टप्पा घेऊन वर उठतच नसे, जमिनीलगत सुसाट निघायचा. जोरात मारणारा जिंकायचा. नुसता परत टाकणारा धापा टाकत हरायचा. इतकी वर्षं त्याने हेच पाहिलं होतं.

इथे हॉटेलात त्याला लिनन-रूम मिळाली. चादरी, टॉवेल, अभ्रे. हॉटेलला टेनिस कोर्ट होतं, पण सिमेंटचं. एकदा जाऊन त्याने वाकून हात टेकला, हात भाजला, आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

आम्ही सगळे गुदैबिया नावाच्या वस्तीत, हॉटेलने भाड्याने घेतलेल्या जुन्या इमारतीत राहायचो. पैज लावायची खोड सर्वांना होती, पण पैशावर नाही. पैशाचा जुगार सापडला तर थेट विमानात बसवतील, अशी धास्ती होती. म्हणून दुसऱ्याच गोष्टी डावावर लागायच्या. शुक्रवारची सुट्टी. खिडकीजवळची कॉट. एसी दुरुस्त असलेली खोली. आणि या सगळ्यांच्या वर, रजा. फिलिप, स्टोअरमधला पुण्याचा शैलेंद्र आणि शैलेंद्रचा चुलतभाऊ विठ्ठल, या तिघांपैकी एका वेळी एकानेच घरी जायचं असा नियम होता. त्या वर्षी जून शैलेंद्रचा होता, डिसेंबर फिलिपचा, पुढचा मार्च विठ्ठलचा. दोघे राजी असले तर मॅनेजर सही करून रजा बदलून द्यायचा. मात्र रजा कोणी मागत नसे. मागितलेली रजा पुढे आयुष्यभर ऐकवली जाते. जिंकलेली कोणी ऐकवत नाही.

ते ब्याऐंशी की त्र्याऐंशी साल असेल. मे महिन्यात फिलिपची मेव्हणी सेलिन सुट्टीवरून परत आली. ती इथे एका इस्पितळात नर्स होती. चर्चबाहेर तिने फिलिपला बाजूला घेतलं. त्याच्या बायकोच्या, मॅगीच्या छातीत गाठ आहे, जून संपायच्या आत काढा असं डॉक्टर म्हणतो, आणि मॅगी हटून बसली आहे.

"म्हणते, फिलिप आल्याशिवाय टेबलावर जाणार नाय. माझं काही झालं तर त्याला तारेने कळायला नको."

"तू समजाव ना तिला."

"मी काय समजावू? नवरा तू हायस. रजा माग."

कंपनी तातडीची रजा द्यायची ती घरी कोणी मेल्यावर. जगण्यासाठी तशी सोय नव्हती. उरला शैलेंद्र. त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? एका खोलीत सहा पुरुष, भिंतीवर नट्यांची कॅलेंडरं, आणि त्यांच्यासमोर आपल्या बायकोच्या छातीबद्दल बोलायचं. फिलिपला ते जमलं नाही. शैलेंद्रला एकट्याला गाठूनही जमलं नाही. दोन वेळा तो स्टोअरच्या दारापर्यंत गेला आणि साबणाच्या वड्या मागून परत आला.

त्याच आठवड्यात मेसच्या टीव्हीवर इटलीतली बायकांची मातीच्या कोर्टवरची स्पर्धा सुरू झाली. खेळाडूंची नावं कोणाला उच्चारता येईनात. त्यामुळे फायनलला पोचलेल्या दोघींना लांबडी आणि बुटकी हीच नावं पडली. लांबडीची सर्व्हिस तोफेसारखी. बुटकी सगळे चेंडू परत टाकायची, बस.

"लांबडी जिंकणार," फिलिप म्हणाला. "शैलेंद्र, लावतोस? मी जिंकलो तर जून माझा, डिसेंबर तुझा."

शैलेंद्र हसायला लागला. "अरे, नाताळ सोडून जून? लोक डिसेंबरसाठी मॅनेजरच्या पाया पडतात. जूनमध्ये तर आंबेही संपत आलेले असतात."

"असंच."

"आणि हरलास तर?"

"डिसेंबर तुझ्या विठ्ठलला. मी मार्चमध्ये जाईन."

"यल्ला, चल घे," शैलेंद्र म्हणाला. "बुटकी माझी."

"पोपच्या देशातली माती आहे," इलायस म्हणाला. तो किचनमध्ये होता, वसईचाच. "फिलिपला दगा देणार नाही."

पहिला सेट लांबडीने घेतला. फिलिप खुर्चीच्या काठावर बसला होता. टीव्हीवरचं कोर्ट लालभडक दिसत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर घरचं कोणी भेटल्यासारखं समाधान होतं. दुसऱ्या सेटमध्ये ते गेलं. लांबडीने जोरात मारलेला चेंडू टप्पा घेऊन वर उठत होता, हवेत रेंगाळत होता, जणू बुटकीची वाट बघत होता. बुटकी घसरत यायची, तिच्या बुटांखालून तांबडी धूळ उडायची, आणि चेंडू परत. पुन्हा परत. फिलिप उठून टीव्हीजवळ गेला. काचेला नाक लागेल इतक्या जवळ.

"काय शोधतोस?" शैलेंद्रने विचारलं. "गाय?"

सगळे हसले.

"ही माती नाय," फिलिप हळूच म्हणाला. "विटेची भुकटी हाय. विटा कुटून टाकल्यात."

"मग?"

"शेण नाय, रूळ नाय. चेंडू पळणारच नाय."

तिसऱ्या सेटला तो टीव्हीकडे बघतच नव्हता. बुटकी जिंकली, टाळ्या वाजल्या, तेव्हाही त्याने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शैलेंद्र टेलिफोन ऑफिसातून थेट आमच्या खोलीत आला. हातात बर्फीचा पुडा. त्याने पहिला फिलिपपुढे धरला.

"त्याला नको देऊस," इलायस म्हणाला. त्याला सेलिन सकाळी भेटली होती, फिलिपचं तिकीट झालं का विचारत होती.

"का? हरला म्हणून गोड बंद?"

"मॅगीला गाठ आहे. छातीत. याच महिन्या-दीड महिन्यात ऑपरेशन. हा गेल्याशिवाय ती करून घेत नाही."

पुडा शैलेंद्रच्या हातातच राहिला. तो समोरच्या कॉटवर बसला.

"मला बोलला का नाहीस?"

फिलिप धुतलेला शर्ट घडी करत होता. "काय बोलणार?"

"काल दुपारपर्यंत मी हसत दिली असती. आता जूनमध्ये येतो म्हणून घरी फोन करून आलो. माझी लीना मागच्या खेपेला मला काका म्हणायची. रजा संपेपर्यंत काका. आज फोनवर बाबा म्हणाली. बाबा कधी येणार, बाबा कधी येणार."

त्याने पुडा मांडीवर ठेवला.

"तरी देतो," शैलेंद्र म्हणाला. "पण तू एकदा तोंडाने म्हण. शैलेंद्र, मला जून दे, असं म्हण. नुसतं एवढंच. मी आत्ता परत जातो आणि फोन करतो."

सगळे फिलिपकडे बघत होते. विठ्ठलही दारात येऊन उभा राहिला होता. फिलिपचे ओठ हलले. तो शैलेंद्रच्या मांडीवरच्या पुड्याकडे बघत राहिला, मग शैलेंद्रच्या तोंडाकडे. त्या बघण्यात राग नव्हता. घडी केलेला शर्ट त्याने उशीवर ठेवला, हाताने सारखा केला. कॉटखालून चपला ओढून पायांत घातल्या. विठ्ठलने दारातून अंग चोरून वाट दिली, आणि फिलिप जून न मागताच बाहेर निघून गेला.