मांजर कोणाकडे ठेवायचं?

उइटहॉर्न गावाहून सुटणाऱ्या ट्राममध्ये तो रोज माझ्यासमोर बसायचा. सफरचंद रुमालानं चहूबाजूंनी पुसायचा, उजेडात धरून बघायचा आणि मगच चावायचा. त्याचा काटेकोरपणा काय वर्णावा! नोकरीही तशीच. परदेशी लष्करी तुकड्यांना इथल्या सरकारनं मदत देण्याआधी, त्यांनी लोकांवर अत्याचार केलेत का, हे तो तपासायचा.

एकदा तो फार वैतागला होता. तो सुट्टीवर गेल्यावर त्याचं मांजर सांभाळायला तयार असलेल्या मुलीला त्यानं नकार दिला होता, कारण ती दारं आपटते असं तिच्या शेजारणीनं सांगितलं.

"तुम्ही शेजाऱ्यांकडे चौकशी केलीत?" मी विचारलं.

"अर्थात! माणूस कसा आहे, हे शेजारीच सांगतात."

"आणि त्या तुकड्यांची चौकशी कोणाकडे करता?"

"त्यांच्या कमांडरकडे."

"आसपासच्या गावांत नाही?"

त्यानं सफरचंदाचा देठ कागदात नीट गुंडाळला. "विचारलं असतं. पण सध्या जी तुकडी तपासतोय, ती आल्यापासून त्या गावांत कोणी राहतच नाही. तक्रार एकही नाही."

तुकडीला मंजुरी मिळाली. मांजराला मात्र तो सुट्टीवर सोबत घेऊन गेला. उगाच धोका कशाला पत्करायचा!