लेसची पत्रिका

लोर्नाला उशीर म्हणून सोसत नसे. नाताळचं पुडिंग ती ऑगस्टमध्येच शिजवून, फडक्यात बांधून, आढ्याला टांगून मोकळी व्हायची. शेजारणींनी दात काढले की म्हणायची, हसा, डिसेंबरात मागायला याल तेव्हा बघते. आणि त्या जायच्याही मागायला. बाकी आमच्या फ्लिंडर्स बेटावर सगळा निवांत कारभार. बोट आज नाही आली तर पुढच्या आठवड्यात येईल. काहींच्या लग्नपत्रिका तर नवराबायकोचं पहिलं भांडण होऊन गेल्यावर लोकांच्या हातात पडल्यात. वरातीमागून घोडं आमच्याकडे नेहमीचंच, आणि त्याचा लोर्नाला मनस्वी संताप यायचा.

त्यामुळे तिच्या जोलीनचं लग्न ऑक्टोबरात ठरलं आणि लोर्नाने फेब्रुवारीतच समुद्रापलीकडच्या लॉन्सेस्टन शहरातल्या छापखान्याकडे पत्रिकेचा मजकूर धाडला, याचं बेटावर कोणाला नवल वाटलं नाही. छापखानेवाल्याला मात्र वाटलं. त्याने मुद्दाम फोन करून विचारलं, बाई, यंदाचाच ऑक्टोबर ना? पत्रिका दोन महिने आधी टाकल्या तरी पुष्कळ होतं, फार आधी गेल्या तर लोक कुठेतरी ठेवून विसरतात. लोर्ना म्हणाली, तुम्ही छापा, विसरणाऱ्यांना आठवण करायला मी आहे.

खरं कारण तिने त्याला सांगितलं नाही. खरं कारण घरात खिडकीजवळच्या पलंगावर धापा टाकत पडलं होतं. क्लॅरीची, तिच्या नवऱ्याची, फुप्फुसं कामातून गेली होती आणि येत्या जून-जुलैचा हिवाळा काही तो काढणार नाही असं डॉक्टरने तिला दारात सांगितलं होतं. पत्रिकेवर बोलावणारे म्हणून आईबापांची नावं असतात, आणि मेलेल्याच्या नावाने बोलावणं धाडता येत नाही. जोलीन म्हणाली, आपण लग्नच अलीकडे ओढू. त्यावर क्लॅरी असा काही उखडला की अर्धा तास खोकत राहिला. माझ्यासाठी लग्न अलीकडे आणलंत तर मी आजच मरून दाखवतो, म्हणाला. मग तो विषय बंद झाला.

राहता राहिला लेस. लेस म्हणजे क्लॅरीचा थोरला भाऊ, समोरच्या केप बॅरन बेटावर एकटा राहणारा. दोघं एका ताटात जेवलेले, एका बोटीतून समुद्रपाखरांची पिल्लं धरायच्या हंगामाला गेलेले. पण बापाच्या माघारी लेसने पाखरांच्या बेटावरची बापाची हंगामात राहायची जुनी शेड क्लॅरीला न विचारता पाडली आणि नवी बांधली. नवी चांगली होती, हे क्लॅरीनेही एकदा लोर्नापाशी कबूल केलं होतं. पण विचारलं नाही ते नाहीच. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तेव्हा जोलीन शाळेतही जात नव्हती.

पत्रिकांचं खोकं मार्चच्या अखेरीस आलं. क्लॅरीने एक पत्रिका हातात घेतली, आपलं नाव वाचलं, अंगठ्याने त्यावरून दोनदा चाचपलं आणि म्हणाला, "लेसला पाठव. पण निरोप नाही, विनवणी नाही. यायचं असेल तर लिहील."

बाकी पत्रिका लोर्नाने मुद्दामच टाकल्या नाहीत; मेमध्ये टाकू, तोवर क्लॅरी नक्की असेल, असा तिचा हिशेब होता. मार्च सरला की आमच्याकडची निम्मी माणसं पाखरांवर जातात. महिनाभर लहान लहान बेटांवर राहून बिळांतून पिल्लं काढायची, सोलायची, खारवायची, तेल भरायचं. घरांना कुलपं आणि टपाल दुकानातल्या पेट्यांत पडून. या दिवसांत पत्रिका टाकण्याचा वेडेपणा आमच्यातलं शेंबडं पोरही करणार नाही. पण लेसची गोष्ट वेगळी होती. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि आता पाखरं पुरे झाली, यंदा मी घरीच, असं त्याने आमच्याकडच्या दुकानात सगळ्यांसमोर सांगितलेलं लोर्नाने आपल्या कानांनी ऐकलं होतं. लेस घरी असणार. तिने पाकिटात पत्रिका घातली, सोबत उत्तराचं कार्ड, त्याला तिकीट लावलेलं पाकीट, आणि टपालाच्या बोटीवर दिली.

बोट दर आठवड्याला यायची. पहिल्या आठवड्यात क्लॅरीने विचारलंही नाही, नुसतं दाराकडे बघितलं. दुसऱ्या आठवड्यापासून विचारायला लागला. लोर्ना धक्क्यावरून परत आली की तिने डोक्याचा रुमाल सोडायच्या आत त्याचा प्रश्न तयार: "लेसचं काही?"

"गुडघा दुखत असेल," लोर्ना म्हणायची. "दुकानापर्यंत चालणं होत नसेल."

"लिहायला गुडघा लागत नाही."

तिला वाईट वाटायचं आणि लेसचा रागही यायचा. मनातल्या मनात तिने त्याला नाही नाही ते ऐकवलं. एवढा कसला तोरा, म्हातारा झालास, भाऊ मरणाला टेकलाय हे साऱ्या बेटाला ठाऊक. जोलीन म्हणाली, आई, सांगून टाक ना लेसकाका येतोय म्हणून, कोणाचं काय जातंय? लोर्ना आयुष्यात नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती. पण एप्रिलच्या मध्यावर क्लॅरी उशीवरून मानही उचलेना, तेव्हा तिचं मन डळमळलं. बोटीवरून आली आणि रुमाल न सोडताच म्हणाली, "लेसचं आलं. येतो म्हणतोय."

क्लॅरीच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, ते पाहून तिला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

मग त्याने हात पुढे केला. "दाखव."

"काय दाखव?"

"कार्ड. तू घातलं होतंस ना त्यात. त्याचं अक्षर बघू दे. कोंबडीचे पाय असतात त्याचे, अजून तसेच आहेत का बघू."

लोर्ना उभीच राहिली. बोटीवर राहिलं असेल, उद्या आणते, असं काहीतरी तिला सुचत होतं, पण जीभ उचलेना. खोटं बोलायलाही सराव लागतो. क्लॅरीचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग पांघरुणावर पडला.

"असू दे," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी केलंस." आणि भिंतीकडे वळला.

त्यानंतर त्याने लेसचं नाव काढलं नाही. बोटीच्या दिवशी दाराकडे बघणंही सोडलं. एप्रिल संपायच्या आत तो गेला. समुद्र इतका खवळलेला होता की पाखरांच्या बेटांवरून एकालाही येता आलं नाही. मोजक्या माणसांनी त्याला पुरलं, आणि त्यांत लेस नव्हता. लोर्नाने तेही त्याच्या नावावर मांडून ठेवलं.

मेमध्ये हंगाम संपला, बोटी परतल्या, आणि एका दुपारी लेस लोर्नाच्या दारात उभा राहिला. अंगाला पाखरांच्या तेलाचा वास, पायात बूट तसेच, हातात फोडलेलं पाकीट. लोर्नाने त्याला आत ये म्हटलं नाही. पण तो वास तिच्या नाकात शिरला आणि तिची नजर त्याच्या बुटांवर गेली.

"तू पाखरांवर गेला होतास?"

लेसने मान डोलावली. त्याची सून पडली, हात मोडला, शेडमध्ये स्वयंपाकाला बाई नाही, तर पोरगा येऊन त्याला घेऊन गेला होता. उभं राहून चुलीपुढे तरी काम करता येईल म्हणून. निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी टपालाची बोट आली. क्लॅरी गेल्याचं त्याला तिकडेच कळलं होतं, ते सगळं उरकल्यावर. पत्रिका आज सकाळी पेटीत मिळाली.

तो पाकीट पुढे करून म्हणाला, "मी आलो असतो लोर्ना. लग्नाला कशाला, त्याच दिवशी आलो असतो. रांगत आलो असतो."

 लोर्नाने धाडलेली पत्रिका लेसच्या पेटीत पडली होती, आणि ती पेटी महिनाभर कोणी उघडणार नव्हतं, शेंबड्या पोरानेही केली नसती ती चूक तिने केली होती.

"त्याला कळलं होतं ना, मी पाखरांवर आहे म्हणून?" लेसने विचारलं. "तू सांगितलं असशीलच."

हो म्हणाली असती तर चाललं असतं. खोटं पकडणारा कोणी उरला नव्हता. कार्ड दाखव म्हणायलाही आता कोणी नव्हतं. पण लेस दारात ज्या नजरेने तिच्याकडे बघत होता, तसंच क्लॅरी दर आठवड्याला बघायचा.

"नाही," लोर्ना म्हणाली. "मलाच ठाऊक नव्हतं. तो समजला की तुला पत्रिका पोचली आणि तू उत्तर दिलं नाहीस."

लेस पायरीवर खाली बसला. लोर्ना त्याच्याजवळ बसली नाही की आतही गेली नाही. जोलीन बाहेर आली, दोघांकडे बघितलं, आणि काय विचारायचं ते न सुचून पुन्हा आत गेली.

"शेवटपर्यंत?" लेसने विचारलं.

"शेवटपर्यंत," लोर्ना म्हणाली.