बिस्किटांच्या डब्यातलं रीळ

१६ नोव्हेंबर १९९७, रविवार, सकाळी दहा. जागा: सरांच्या घराची गच्ची, गंगापूर रोड. हजर: कॉलेजात मराठी शिकवणारे सर, टॉकीजमधून निवृत्त झालेले ऑपरेटर काका, सातपूरच्या कारखान्यातला लेथवरचा टर्नर, आणि मी. मी बँकेत होते, म्हणून वही माझ्याकडे. गैरहजर: कोणी नाही.

ठराव एकच झाला. ज्या फिल्म आपल्याकडे टॉकीजला कधी लागत नाहीत, त्या तीन दिवस दाखवायच्या. शाळेचा हॉल सर बघणार, प्रोजेक्टर काका. खुर्च्या, पडदा, वायरी टर्नरकडे. उरलेलं सगळं मी लिहून ठेवणार.

"ताई, चहा किती झाले तेही लिहा," सर म्हणाले.

"लिहू द्या हो," काका म्हणाले. "बिनवहीची टॉकीज बघितलीय मी. तिथं तिसरं रीळ आधी लागायचं, आणि मेलेला हीरो दुसऱ्यात येऊन गाणं म्हणायचा."

टर्नर हसला नाही. त्याला काहीतरी विचारायचं होतं. "माझी एक आहे," तो म्हणाला. "अकरा मिनिटांची. आवाज नाही. चालेल?"

टर्नर मूळचा मालेगावचा. वडील यंत्रमागावर आयुष्यभर विणत होते. त्या मागाच्या शेवटच्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन, सरांच्या ओळखीने मिळालेल्या जुन्या कॅमेऱ्यावर त्याने वडिलांना टिपलं होतं. त्या प्रकारच्या फिल्मला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी फीत जाते तीच धुऊन पडद्यावर लावायची. म्हणजे जगात प्रत एक. ती तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

फेब्रुवारीत महोत्सव झाला. टर्नरची फिल्म तिसऱ्या दिवशी दुपारी लागली. सुटलेला धागा शोधणारी वडिलांची बोटं, मग तो धागा ओठांनी ओला करणं, मग माग थांबवून कॅमेऱ्याकडे बघणं. बघताना त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि मुलगाच समोर उभा आहे हे त्या हसण्यावरूनच कळत होतं. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. वडील मात्र आले नव्हते. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं. पट्टी सुटली की काकांनी प्रोजेक्टर घेऊन मालेगावला जायचं आणि घराच्या भिंतीवर त्यांना फिल्म दाखवायची, असं ठरलं. मी ते वहीत लिहिलं.

बाहेरून आलेल्या फिल्म गावोगावच्या महोत्सवांत फिरणाऱ्या पेट्यांमधून आल्या होत्या. त्या संध्याकाळी पाचच्या आत नाशिक रोडच्या पार्सल ऑफिसात पोचवायच्या होत्या. मी वही घेऊन उभी राहिले. पेटी दोन: लघुपटांची तीन रिळं. पेटीत दोन होती, तिसऱ्याचा डबा रिकामा होता. टेबलावर एक रीळ उघडं पडलं होतं, त्याच मापाचं. मी ते डब्यात घातलं, कड्या लावल्या, खूण केली. पुढची ओळ: टर्नरची फिल्म, मालकाला परत. टर्नर पिशवी घेऊन निघाला होता. पिशवीतून बिस्किटांचा डबा डोकावत होता. तिथेही खूण केली. पाचला वीस मिनिटं कमी असताना पेट्या पार्सल ऑफिसात पोचल्या, सगळी कामं संपली. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बँक उघडायच्या आधी, टर्नर दारात.

"ताई, डबा रिकामा आहे."

मी वही उघडून त्याला खूण दाखवली. त्याने त्या खुणेवर बोट ठेवलं.

"मग माझ्याच हातून गेलं," तो म्हणाला. "बसने ब्रेक मारला तेव्हा पिशवी उलटली होती. डब्याचं झाकण निघालं होतं. सीटखाली गेलं असणार. तुमच्या वहीत आहे म्हणजे मी नेलंच होतं."

तिथून तो थेट डेपोत गेला.

त्याच दुपारी काकांनी मला हॉलवर बोलावून घेतलं. "ताई, दुसऱ्या पेटीत तुम्ही कोणतं रीळ घातलंत?"

"टेबलावरचं. तिसरं."

काकांनी ड्रॉवर ओढला. तिसरं रीळ तिथे होतं. त्याची शेपटी फाटली होती, जोडायला म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं होतं. ही त्यांची टॉकीजपासूनची पद्धत: फाटकं रीळ कधी उघड्यावर ठेवायचं नाही. आणि चांगलं रीळ थंड होईपर्यंत डब्यात घालायचं नाही. म्हणजे टेबलावर थंड व्हायला ठेवलेलं ते टर्नरचं होतं. मी तीन मोजली होती. तीन बरोबर होती.

काका स्टुलावर बसले. म्हणाले, "पत्र टाका. उत्तर येऊ दे. मिळालं तर त्याला रीळच देऊ, नुसती बातमी कशाला?"

मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. मी तिसरं रीळ पाठवलं, सोबत पत्र लिहिलं. पण पेटी तोवर पुढच्या गावाला गेली होती, तिथून त्याच्या पुढच्या. मी प्रत्येक गावाला लिहिलं. एका ठिकाणाहून पोस्टकार्ड आलं: तीन रिळं व्यवस्थित मिळाली, आभारी आहोत. बाकीच्यांनी शोधून पाहिलं, नाही म्हणून कळवलं. टर्नर तेवढ्या काळात दर शनिवारी डेपोत जायचा. तिथले लोक त्याला लांबून बघूनच 'नाही' असा हात हलवायचे.

एप्रिलमध्ये वडील मुलाकडे सातपूरला राहायला आले. आमच्या बैठकीलाही आले, नवा चष्मा लावून. मी चहा दिला.

"नाशिकवाल्यांनी मला बघितलं," ते म्हणाले. "मीच तेवढा राहिलो, बेटी."

सगळे हसले. टर्नर मान खाली घालून म्हणाला, "अब्बा, सांगितलं ना, माझ्या हातून हरवलं."

"अरे, मग परत काढ. मी कुठं पळून चाललोय?"

माग भंगारात गेला होता हे दोघांनाही माहीत होतं. मी कपबश्या गोळा करून आत नेल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. वडील पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही राहिले नाहीत.

महोत्सव टिकला. पेट्या गेल्या, सीडी आल्या. काका गेले, सर मुलीकडे परदेशी. टर्नर दर वर्षी खुर्च्या लावत राहिला. नवीन माणसाला माझी ओळख करून द्यायचा: "ताईंच्या वहीत आहे म्हणजे आहे." त्याने दुसरी फिल्म कधी काढली नाही. कारखाना बंद पडल्यावर तो मालेगावला परत गेला. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

आज सकाळी यादी केली. गॅस नोंदवणे. चष्म्याची काडी. हॉलचा अर्ज. मालेगावला जाऊन त्याला सांगणे. जुनी वही सोबत घ्यायची, म्हणून ती पिशवीत घालून ठेवली.

दुपारपर्यंत पहिल्या तीन कामांवर खुणा झाल्या.