शिट्टीकाकांची शिट्टी

शिट्टीकाका स्वतः शिट्टी कधीच वाजवत नसत. काळ्या दोरीत ओवलेली ती शिट्टी गळ्यात घालून ते संध्याकाळी मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या बागेत यायचे आणि आमच्यापैकी एकाच्या गळ्यात ती अडकवायचे. मग स्वतः सगळ्यांच्या मागे, कडुलिंबाखाली जाऊन उभे राहायचे. काका मूळचे साताऱ्याकडचे, दिल्लीत केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात नोकरीला. गणपतीसाठी सोसायटीतल्या पोरांना लेझीम शिकवायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

त्यांचे नियम दोनच. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याने लेझीम हातात धरायची नाही. आणि पाणी सगळ्यांचं पिऊन झाल्यावर प्यायचं. तेव्हा यमुनेपलीकडे रोज नवी इमारत उठत होती. बाबा नुकतेच एका परदेशी कंपनीत लागले होते आणि ‘लीडरशिप’ हा शब्द त्यांच्या ब्रीफकेसमधून आमच्या घरात शिरला होता. एकदा ते कौतुकाने म्हणाले, "काका, तुम्ही मुलांना लीडरशिप शिकवता म्हणायचं!" काका ओशाळले. "छे हो, मी फक्त पाण्याची रांग शिकवतो."

मला ती शिट्टी हवी होती. रोज ती फिरायची, त्याचं काही विशेष नव्हतं. मला कार्यक्रमाच्या दिवशीची हवी होती. मी बारा वर्षांची, आवाज खणखणीत, आणि आपल्यावाचून सगळ्यांचं अडतं अशी माझी पक्की समजूत. त्या वर्षी काकांनी माझं नाव सांगितलं आणि आनंदाने मला जेवण गेलं नाही.

गणपतीच्या पाचव्या दिवशी अख्खी सोसायटी खुर्च्या टाकून बसली. बाबांनी ऑफिसातल्या साहेबांनाही बोलावलं होतं. सरावात आम्ही शिट्टी वाजवून हाताने दिशा दाखवायचो, तोंडाने काही बोलायचं नाही अशी पद्धत. पण साहेबांसमोर नुसते हातवारे मला मिळमिळीत वाटले. मी गरजले, "डावी बाजू!" निम्मी रांग डावीकडे वळली, निम्मी उजवीकडे. लेझमी एकमेकींत अडकल्या आणि वसईच्या डिसोझांची रूबी, सात वर्षांची, अगदी बारीक आवाजाची, धप्पकन खाली बसली. मी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले, "डावं-उजवं कळत नाही का तुला?"

काका मागून पुढे आले. आता शिट्टी जाणार, मला वाटलं. ते लोकांना म्हणाले, "आमचं जरा चुकलं. पुन्हा सुरू करतो." मग खाली वाकून हळूच मला म्हणाले, "ती तिकडे का वळली, विचारलंस?"

विचारलं. रूबी नाक ओढत म्हणाली, "दीदी, आपने ही तो दाईं बाजू बोला!"

दिल्लीत वाढलेल्या पोरांनी माझं ‘डावी’ हिंदीतलं ‘दाईं’ म्हणून ऐकलं होतं, आणि त्यांची दाईं म्हणजे आपली उजवी. काका गालात हसले. "मीपण आधी तोंडानेच सांगायचो. पोरं वळायची भलतीकडे, मी चिडायचो. कारण कळायला मला चार वर्षं लागली, मुग्धा. तुला चार मिनिटं. चल, वाजव." मी शिट्टी वाजवली, हात दाखवला, रांग वळली. शेवटी रूबी दोन ग्लास पाणी प्यायली. मी तोवर थांबले.

पुढे ‘विचारलंस?’ हे मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं! तिसऱ्या मजल्यावरची नसरीन सरावाला दांड्या मारते, हिला काढून टाकू या, म्हणून मी तक्रार घेऊन गेले, तर तेच. विचारल्यावर कळलं, पाण्याचा टँकर नेमका त्याच वेळी येतो आणि बादल्या तिलाच चढवाव्या लागतात. काकांनी सराव अर्धा तास पुढे ढकलला. नसरीनला एका शब्दाने बोलले नाहीत, मलाही नाही.

मी सोळा वर्षांची असताना काका निवृत्त होऊन साताऱ्याला निघाले. त्याच बागेत निरोप ठेवला होता. आता शिट्टी मुग्धाचीच, असं सगळे धरून चालले होते. मी तर मान पुढे करायचीच काय ती बाकी होती. काकांनी ती रूबीच्या गळ्यात घातली. माझं तोंड एवढंसं झालं. ते माझ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मी विचारावं म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी वाकून नमस्कार केला आणि तडक घरी निघून आले.

आज गुडगावच्या ऑफिसात माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत. कुणी चुकलं की आवाज चढवण्याआधी मी विचारते. नेहमी जमतंच असं नाही, पण विचारते. गेल्या महिन्यात काका वारल्याचं साताऱ्याहून कळलं आणि मी रूबीला फोन लावला. ती दिल्लीतच, द्वारका भागातल्या एका शाळेत शिकवते. दोघींचं रडून झाल्यावर मी शेवटी विचारलं, "शिट्टी त्यांनी तुला का दिली गं?"

"दीदी, इतकी वर्षं वाट बघतेय यार मी," ती म्हणाली. "काका म्हणाले होते, मुग्धाने विचारलं तरच सांग. म्हणाले, तिला आवाज आहे. शिट्टी तुला लागेल."

कारण कळायला काकांना चार वर्षं लागली होती. मला बावीस लागली.