न वाचलेला लेख

आमच्या ऑफिसातले मास्तर वीस वर्षं एकाच प्रोग्रामिंग भाषेत काम करत होते. त्या भाषेच्या ऑनलाइन ग्रुपवर नवख्यांच्या शंका तेच सोडवायचे, म्हणून हे टोपणनाव.

एकदा एका बाईंनी त्या भाषेच्या उणिवांवर लेख लिहिला. सगळा ग्रुप त्यांच्यावर तुटून पडला. मास्तरांनीही लेख न उघडताच लिहिलं, "झेपत नसेल तर स्वयंपाक करा."

बाईंनी एवढंच विचारलं, "सर, शेवट वाचलात?"

मास्तरांनी तेव्हा लेख उघडला. शेवटी लिहिलं होतं, "तरी मी ही भाषा सोडली नाही, कारण माझ्या बावळट प्रश्नांनाही मास्तर कधी हसले नाहीत."

 मास्तरांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. बाईंनी माफ केलं, पण आठवडाभर मास्तरांना ग्रुप उघडायचा धीर झाला नाही.